सरकार, सुई आणि संशय

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, फोंड्याच्या बसस्थानकावर किंवा डिचोलीतल्या एखाद्या चहाच्या दुकानात लस, औषध वा साथीचा विषय निघाला की तीन वाक्ये हमखास कानी पडतात. ‘सरकार एवढा आग्रह धरते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे.’ ‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे.’ आणि ‘माझ्या शरीराचे काय करायचे ते माझे मी बघेन.’ पहिले वाक्य राजकारणाविषयी आहे, दुसरे विज्ञानाविषयी आणि तिसरे व्यक्तीच्या जबाबदारीविषयी. बोलणाऱ्याच्या मनात मात्र ही तिन्ही एकाच दमात येतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले जाते. ज्या पक्षावर विश्वास आहे त्याने सांगितलेले औषध गुणकारी ठरते आणि ज्याच्यावर नाही त्याने सांगितलेले घातक.

ही सरमिसळ मोबाइलने आणली, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. १८९६ ते १९०७ या अकरा वर्षांत प्लेगच्या निमित्ताने मुंबई, पुणे, दमण आणि बडोद्याकडच्या एका खेड्यात हीच तिन्ही वाक्ये बोलली गेली, त्यांपायी माणसे मेली, खून झाले, तुरुंगवास घडले आणि एका मोठ्या शास्त्रज्ञाची नोकरीही गेली. त्या साऱ्याच्या नोंदी उपलब्ध असल्यामुळे कोणाची शंका रास्त होती आणि कोणाची नव्हती, हे आज बऱ्यापैकी निश्चित सांगता येते.

या कथेचा आरंभ बार्देशातल्या एका माणसापासून होतो. डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे हडफड्याचे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते तेथेच वैद्यकी करू लागले आणि पुढे महापालिकेवर निवडून गेले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रुग्णांच्या जांघेतल्या व काखेतल्या गाठी आणि झपाट्याने येणारा मृत्यू पाहून त्यांनी हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग असल्याचे उघडपणे सांगितले.

त्यांच्यावर पहिला अविश्वास दाखवला तो अडाणी समजल्या जाणाऱ्या वस्तीने नव्हे. बंदरावर कोट्यवधींचा व्यापार चालत होता. ‘प्लेग’ हा शब्द उच्चारला की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून ताप आहे, विचित्र प्रकारचा आहे, गाठींचा आहे, असे सौम्य शब्द शोधण्यात अधिकाऱ्यांचे आणि धनिकांचे काही दिवस गेले. विज्ञानावरची शंका म्हटली की डोळ्यांपुढे अंगारेधुपारे येतात. पण आर्थिक हितसंबंधातून उपजणारी सुशिक्षितांची शंका अधिक काळ टिकते आणि तिला आकडेवारीचा पोशाखही चढवता येतो. व्हिएगस आपल्या निदानावर ठाम राहिले. त्यांचा पुतळा मुंबईत मेट्रो सिनेमासमोर आहे. त्याखालून रोज जाणाऱ्या गोमंतकीयांपैकी किती जणांना तो आपल्या हडफड्याच्या माणसाचा आहे हे माहीत असेल, कोण जाणे.

रोग कळला, वाट कळली नाही

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी ओळखला होता. तो माणसापर्यंत येतो कसा, हे मात्र १८९६ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. हवा दूषित होते, जमिनीत विष मुरते, घाणीतून रोग वर येतो, अशा समजुतींवर सरकारी वैद्यकी उभी होती. त्यानुसार मुंबईची गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक आम्लाने धुऊन काढण्यात आली, घरांना चुना फासला गेला, छपरांची कौले उतरवली गेली. गटारांतले उंदीर त्यामुळे घरांत शिरले, असे पुढे अनेकांनी लिहिले आहे.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू हीच रोगाची वाहक असल्याचे दाखवले. त्यालाही सहकाऱ्यांनी वेड्यात काढले. ते म्हणणे सर्वमान्य व्हायला पुढची आठ-दहा वर्षे गेली.

सामान्य लोकांचा अनुभव काय सांगत होता? गढवाल-कुमाऊँच्या डोंगराळ भागात, जेथे हा रोग ‘महामारी’ या नावाने जुना होता, तेथे घरात उंदीर मरून पडू लागले की माणसे घर सोडून रानात राहायला जात. मुंबईतूनही लाखो लोक शहर सोडून गेले. गाडीत बसलेला संसर्ग गावोगाव पोहोचवतो, म्हणून सरकारने स्थानकांवर तपासणी लावली, आणि त्यात तथ्यही होते. पण मेलेला उंदीर दिसताच घर रिकामे करायचे, हा अडाणी म्हणून हिणवलेला आडाखा शास्त्राच्या निकषावर टिकला आणि घर रिकामे करण्याचा उपाय नंतर सरकारनेच धोरण म्हणून उचलला. शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे, या तक्रारीत एवढे तथ्य आहे. तथापि त्याच लोकांचे दुसरे आडाखे पाहिले की कौतुक आवरते घ्यावे लागते. इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटे टांगून त्याची मोमियाई काढतात. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासले त्याचा सूड म्हणून माणसांची काळजे विलायतेस पाठवतात. अशा आवया घरोघर पसरल्या होत्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला.

अफवा खोट्या होत्या, भीतीला मात्र कारण होते. इस्पितळात नेलेली बहुतेक माणसे परत येत नव्हती. इस्पितळ मारते म्हणून नव्हे, तर मरणाच्या दारात असताना नेली जात म्हणून. पण बाहेर उभ्या राहिलेल्या नातेवाइकाला हा भेद कसा दिसावा?

दमणचे आकडे आणि उंधेरे गाव

वाल्डेमार हाफकिन हे मूळचे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून ते हिंदुस्थानात पटकीच्या लशीसाठी आले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट महाविद्यालयाच्या एका खोलीत त्यांनी प्लेगच्या जंतूंची वाढ करून, तापवून मारून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड सुजला, काही दिवसांनी उतरला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व त्यांतले ६ मेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मेला कोणीच नाही. कैद्याची स्वेच्छा कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न त्या काळी कोणी फारसा विचारला नाही. आज तो विचारला जाईल आणि विचारायला हवा.

मग दमण आले. गोव्याप्रमाणेच ते पोर्तुगीज अमलाखाली होते. १८९७ च्या साथीत तेथे ८,२३० लोकसंख्येपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यांतले ३६ मेले. न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ मेले. म्हणजे घेतलेल्या शंभरांत दोनापेक्षा कमी आणि न घेतलेल्या शंभरांत जवळजवळ पंचवीस.

बाजारातल्या गप्पांत या आकड्यांचे काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. ३६ घरांतून बातमी आली असती, ‘लस घेतली तरी गेला.’ ती प्रत्येक बातमी खरी असती. न घेतलेला गेला, ही मात्र बातमीच नसते. तो साथीत गेला, एवढेच लोक म्हणतात. ३६ या संख्येला अर्थ येतो तो तिच्याखाली २,१९७ मांडल्यावर, आणि तेही शेजारच्या रकान्यात १,४८२ आणि ६,०३३ असल्यावर. भाग्य, दैव, अमक्याचा काका यांवर चालणाऱ्या संभाषणात खालचा आकडा कोणी मांडत नाही. विज्ञानाविषयीच्या निम्म्या वादांचे मूळ या न मांडलेल्या आकड्यात असते.

तरीही चिकित्सक माणसाने दमणच्या आकड्यांवर एक शंका घ्यावी, आणि ती अगदी योग्य ठरेल. लस घेणारे कोण होते? कदाचित ते जरा सुस्थितीतले असतील, मोकळ्या घरांत राहणारे, साथ वाढताच गाव सोडू शकणारे. मग ते लशीमुळे वाचले की घरामुळे? शंका फेटाळून तिचे निरसन होत नाही. तिच्यासाठी वेगळा प्रयोग रचावा लागतो.

तो १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातल्या उंधेरे गावी झाला. गावात प्लेग आधीच शिरला होता. हाफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच, दैवही म्हणायचे तर तेच. सुमारे सहा आठवड्यांनी ज्या २८ घरांत रोग गेला होता त्यांचा हिशेब झाला. लस घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले, ३ मेले. न घेतलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ मेले.

एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला २६, आणि मध्ये एकच भिंत नाही. ज्यांना वगळले गेले त्यांचे काय, हा प्रश्न मनाला टोचतो, आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही. पण ‘लस काम करते का’ या प्रश्नाला यापेक्षा स्पष्ट उत्तर त्या काळात कोणी दिलेले नव्हते. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हेही त्याच आकड्यांत आहे.

रँड यांचे सोजीर

आता राजकारण. परदेशी बंदरांच्या दडपणाखाली सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत केला. पुण्यात डब्ल्यू. सी. रँड यांच्या हाती प्लेगचा कारभार आला आणि गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. देवघरात बुटांसह जाणे, रोगाची गाठ तपासण्यासाठी स्त्रियांना परपुरुषांसमोर उभे करणे, सामान रस्त्यावर काढून जाळणे, निरोगी नातेवाइकांना छावणीत डांबणे. यातल्या कितीशा कृत्याने प्लेग अडला, याचे उत्तर पिसूला विचारावे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला वारले. दामोदर चापेकरांना पुढच्या एप्रिलमध्ये फाशी झाली.

लोकमान्य टिळकांची या काळातली भूमिका सरळ एका वाक्यात बसत नाही, आणि म्हणूनच ती पाहण्यासारखी आहे. सोजिरांच्या दंडेलीवर ‘केसरी’तून त्यांनी कठोर टीका केली आणि त्या वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची शिक्षा भोगायला गेले. पण रुग्णांना वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता. पुढारी म्हणवणारी मंडळी शहर सोडून गेली तेव्हा ते पुण्यातच राहिले, हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि पळालेल्या पुढाऱ्यांनाही सुनावले. उपाय आवश्यक आहे आणि तो राबवण्याची रीत अन्यायाची आहे, ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या नंतरच्या अनुयायांना आणि विरोधकांना ते नेहमी ठाऊक असल्याचे दिसत नाही.

सरकारला ते उशिरा कळले. मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून मदनपुऱ्यात दंगल पेटली, त्यानंतर सक्तीचा जोर उतरू लागला. ज्ञातीज्ञातींची इस्पितळे, घरगुती उपचार, वैद्य-हकिमांचा सहभाग यांना वाट मिळाली. लस तर सक्तीची नव्हतीच. ती घेतलेल्यास दाखला मिळे आणि काही निर्बंधांतून सूट मिळे. त्यामुळे मग नवा संशय आला: ही सूट म्हणजे आमिष नव्हे काय? खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले, तेव्हा त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. पुस्तिका वाचून पटले नाही ते ओळखीच्या माणसाचा उघडा दंड पाहून पटले.

मल्कोवालची बाटली

पंजाबातल्या मल्कोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती बाटली दूषित झाली की गावात उघडताना, हा वादाचा मुद्दा होता. चौकशीने प्रथम दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर, त्यांनी निर्जंतुकीकरणाची रीत बदलल्यावर ठेवला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. पुढे उघड झाले ते असे की, गावात बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले होते. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे सांगितले, तेव्हा कोठे त्यांना पुन्हा काम मिळाले. मुंबईतल्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले.

मल्कोवालचे १९ मृत्यू सत्य आहेत. लशीने कधीच कोणाला इजा झाली नाही, असे जो सांगतो तो खोटे बोलतो, आणि पुढच्या वेळी त्याच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्याच वेळी, मल्कोवालवरून लसच विषारी ठरवणारा माणूस जमिनीवर पडलेल्या चिमट्याचा दोष औषधाला देत असतो. दोष कोठे होता हे शोधायला पाच वर्षे लागली, त्या काळात वृत्तपत्रांना आणि चौकांना उत्तर हवे होते ते उद्या सकाळी.

गोखल्यांची माफी

व्यक्तीच्या जबाबदारीविषयी बोलताना ‘मी लस घ्यावी की न घ्यावी’ एवढाच प्रश्न पुढे येतो. त्या वर्षांतली सर्वांत अवघड जबाबदारी मात्र शब्दांची होती.

गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये एका आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तेथल्या वृत्तपत्रात सांगितले की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. पार्लमेंटात खळबळ उडाली, पुरावा मागितला गेला. परत आल्यावर त्यांनी माहिती देणाऱ्यांना विचारले. नाव घेऊन पुढे यायला कोणी तयार झाले नाही. गोखल्यांनी सरकारची आणि सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. अत्याचार घडलेच नसतील असे त्यातून सिद्ध झाले नाही. आपल्याला सिद्ध करता येत नाही ते आपण खरे म्हणून सांगितले, एवढेच त्यांनी कबूल केले. स्वकीयांनी त्यांना भ्याड म्हटले. त्यानंतर पुण्यात साथ पुन्हा उसळली तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामात उतरले.

आलेला निरोप दहा जणांना पुढे पाठवणे हे आज बोटाचे काम आहे. गोखल्यांनी तो निरोप पाठवणाऱ्यांची नावे कधी फोडली नाहीत, दोष स्वतःवर घेतला.

पुण्याच्या बाहेर, हडपसरजवळ, याच साथीत यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. त्यांची आई सावित्रीबाई मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तेथे आल्या, आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. स्पर्शाने रोग लागतो अशी त्यांची समजूत होती की नव्हती, याचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता. त्यांनी सरकारचा आदेशही पाळला नाही आणि मोडलाही नाही.

साथरोग अधिनियमात मूळची चारच कलमे होती. सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार, न पाळणाऱ्यास शिक्षा, आणि सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, असे संरक्षण. २०२० मध्ये करोना आला तेव्हा देशात तोच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. त्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, आणि आर्थर रोडची ती ऑक्टोबरमधली दगडफेक ज्यांना आठवते त्यांना या तरतुदीची गरज समजेल. नागरिकाच्या घरात शिरण्याआधी त्याला कारण समजावून सांगण्याचे बंधन मात्र १८९७ च्या मसुद्यात नव्हते, आणि २०२० च्या दुरुस्तीतही ते आले नाही.